परतीची वीज

पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी खंडाळा सोडते आणि थोड्याच वेळात मंकी हिलपाशी थांबते. तिथे उतरायचं नसतं. ब्रेक नीट लागताहेत ना, एवढं बघायचं आणि मग खाली कर्जतचा उतार धरायचा. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतची चढण सुमारे साडेपाचशे मीटरांची. जिथे ती सगळ्यांत खडी आहे तिथे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. हजार टनांची गाडी हा घाट चढते तेव्हा निव्वळ उंची गाठायला साधारण १५०० युनिट वीज लागते, म्हणजे एखाद्या बेताच्या घराची वर्षभराची वीज. घर्षण, वळणं, वारा यांचा हिशेब वेगळाच.

ही झाली चढण्याची किंमत. पण उतरताना तेच १५०० युनिट गाडीसोबत खाली येत असतात आणि वाटेत कुठेतरी ते रिकामे करावेच लागतात. वाफेच्या इंजिनांच्या काळात ते ब्रेकच्या ठोकळ्यांत जायचे. लोखंड तापायचं, जळका वास डब्यात शिरायचा आणि ठोकळे झिजून जायचे. कोळसा जाळून वर चढवलेली शक्ती खाली येताना लोखंड झिजवण्यात खर्च व्हायची.

१९२५ च्या ३ फेब्रुवारीला जीआयपी रेल्वेची पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. १९२९ पर्यंत ही तार घाट ओलांडून पुण्याला पोहोचली. घाटातल्या मालगाड्यांसाठी आलेली पहिली इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची होती, विजेचा भाग मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचा. पुढे-मागे लांब सोंडा आणि मधे केबिन असलेल्या या आकाराला युरोपात मगर म्हणत. आपल्याकडच्या लोकांना त्यात खेकडा दिसला. या खेकड्याला एक विद्या येत होती. उतारावर त्याच्या मोटरी जनित्र बनायच्या, गाडीला मागे खेचून धरायच्या आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत सोडायच्या. त्याच वेळी दुसरी एखादी गाडी घाट चढत असेल तर उतरणारी गाडी तिला हात द्यायची. गाडीची दिशाच उलटी करणारं घाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशनही त्याच १९२९ साली बंद झालं. गाडीचं उलटं फिरणं थांबलं आणि विजेचं सुरू झालं, हा योगायोग मला फार आवडतो.

आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या, बॅटऱ्यांच्या आणि सौरविजेच्या जगात ‘बायडायरेक्शनल कन्व्हर्टर’ हा शब्द नव्या शोधाच्या थाटात येतो. वीज दोन्ही दिशांनी नेणारा, मोठी शक्ती पेलणारा, व्होल्टेज कितीही वरखाली झालं तरी सांभाळून घेणारा, आणि एवढं करून गरम न होणारा. पण परत येणं हा विजेच्या यंत्राचा उपजत गुण होता. मधल्या काळात तो आपण हरवून बसलो आणि तो परत मिळवता मिळवता एक शतक गेलं.

मुळाशी जायचं तर १८७३ च्या व्हिएन्नाला जावं लागतं. तिथल्या जागतिक प्रदर्शनात झेनोब ग्रॅम या बेल्जियन कारागिराची जनित्रं मांडली होती. एक जनित्र इंजिनाने फिरवायचं, त्याची वीज तारेने दूर न्यायची आणि दुसऱ्या तशाच जनित्राला द्यायची. ते दुसरं जनित्र आपणहून फिरू लागलं आणि त्याने पंप चालवला. ग्रॅमचे सहकारी इपोलीत फाँतेन यांनी हे प्रात्यक्षिक घडवलं. कामगाराने चुकून तारा जोडल्या आणि शोध लागला, अशी कथा फार प्रसिद्ध आहे. मला ती जरा जास्तच गोड वाटते. यंत्राची ही उभयता लेन्झ आणि याकोबी यांना काही दशकं आधीच माहीत होती. व्हिएन्नात ती लोकांनी डोळ्यांनी पाहिली, एवढंच. मोटर आणि जनित्र ही दोन यंत्रं नाहीतच. यंत्र एकच, दांडा कोण फिरवतंय यावर त्याचं नाव ठरतं.

१८८६ मध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी या गुणाचा एक हुशार उपयोग केला, आणि इलेक्ट्रिकलला गेलेल्या प्रत्येक मराठी मुलाने तो प्रयोग आयुष्यात एकदा तरी केलेला असतो. दोन सारखी डीसी यंत्रं एकाच दांड्यावर बसवायची. एक मोटर, एक जनित्र. जनित्राची वीज मोटरला, मोटरची फिरकी जनित्राला. दोघं पूर्ण भाराने चाललेली असतात आणि बाहेरून द्यावी लागते ती फक्त वाया जाणाऱ्या शक्तीएवढी वीज. परीक्षेत या हॉपकिन्सन टेस्टचे तोटे विचारतात आणि ‘दोन सारखी यंत्रं लागतात’ हे उत्तर लिहून सगळे मोकळे होतात. तिच्यातली खरी मौज कुणी विचारत नाही. मोठ्या शक्तीची चाचणी घ्यायला मोठी शक्ती लागत नाही. ती फक्त गोल फिरवता आली पाहिजे. ही टेस्ट पुढे पुन्हा भेटेल.

यानंतर दोन्हींकडून चालणाऱ्या यंत्रांच्या या कुळात दोन घराणी झाली.

पहिलं रोटरी कन्व्हर्टरचं. १८८८ च्या सुमाराला अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी ते मांडलं. एकाच यंत्राच्या एका टोकाला एसीच्या सरकत्या कड्या, दुसऱ्या टोकाला डीसीचा कम्युटेटर. एसी आत, डीसी बाहेर, किंवा उलट. यंत्राला त्याचं काही वाटत नसे. शक्तीचं रूपांतर एकाच आर्मेचरमध्ये व्हायचं, म्हणून नासाडी कमी. मात्र एसी आणि डीसी व्होल्टेज यांचं गुणोत्तर जवळजवळ पक्कं बांधलेलं. ट्रॅमच्या आणि रेल्वेच्या सबस्टेशनांना तेच हवं होतं.

दुसरं घराणं हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांचं. १८९१ चं पेटंट. यात तीन यंत्रं: एक मोटर जनित्र फिरवते, ते जनित्र दुसऱ्या मोटरला पोसतं, आणि ही दुसरी मोटर लिफ्ट ओढते किंवा खाणीतला पाळणा. सगळी सूत्रं मधल्या जनित्राच्या फील्डच्या हातात. तिथला एक लहानसा रेग्युलेटर फिरवला की व्होल्टेज शून्यापासून भरपूरपर्यंत सरकतं आणि तसंच पुढे शून्य ओलांडून उलट्या बाजूलाही जातं. दोन दिशांची फिरकी, दोन दिशांची शक्ती, चारही कोपरे हातात. पाळणा खाली येऊ लागला की दुसरी मोटर जनित्र, मधलं जनित्र मोटर, आणि पहिली मोटर तारेत वीज ढकलणारी, अशी साखळी आपोआप उलटी होते. त्यासाठी कुणाला बटण दाबावं लागत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे तीन यंत्रांचं गाडं गुरगुरत असतं तेव्हा ते जुनाट दिसतं. आधुनिक विद्युत-इलेक्ट्रॉनिकी ज्या गुणांसाठी झुरते ते सगळे या गाड्यात आहेत, हे त्या वयात कुणी सांगत नाही.

एक सोडून. प्रत्येक यंत्राची कार्यक्षमता नव्वद टक्के धरा. तीन एकामागे एक जोडली की शंभरातले ७३ उरतात. परतताना पुन्हा तीन. १०० युनिट देऊन काम करून घेतलं आणि ते काम जसंच्या तसं परत केलं, तरी हाती ५३ लागतात. म्हणजे वॉर्ड लिओनार्डच्या घराण्याकडे व्होल्टेजचा मोकळा पल्ला होता, पण हातात भोक. रोटरी कन्व्हर्टरचं घराणं काटकसरी, पण ताठ. हे भांडण तिथून जे सुरू झालं ते आजच्या चार्जरच्या डिझाइनपर्यंत मिटलेलं नाही.

दोन्ही घराण्यांना एक गोष्ट मात्र फुकट मिळाली होती: परतीची वाट. अमेरिकेत मिलवॉकी रेल्वेने १९१५ पासून रॉकी पर्वतांत ३००० व्होल्ट डीसीवर गाड्या चालवल्या. तिथल्या सबस्टेशनांत मोटर-जनित्रांच्या जोड्या होत्या. गाडी उतरू लागली की त्या जोड्या उलट्या चालत आणि वीज कंपनीच्या ग्रीडमध्ये जाई. चढणारी दुसरी गाडी जवळ नसली तरी बिघडत नसे.

मग आला पारा. १९०२ मध्ये पीटर कूपर ह्युइट यांनी पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर दाखवला. काचेचा मोठा फुगा, तळाशी पाऱ्याचं डबकं, वर कार्बनचे हात आणि आत निळसर-जांभळी थरथरती ज्योत. ज्यांनी तो चालू असताना पाहिला ते त्याचं वर्णन भुताटकी असल्यासारखं करतात. त्यात फिरणारं काही नाही, ब्रश नाहीत, कम्युटेटरच्या ठिणग्या नाहीत, नासाडीही कमी. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सबस्टेशनांतून फिरती यंत्रं जाऊन हे फुगे आणि पुढे त्यांच्या पोलादी टाक्या आल्या.

पण पाऱ्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो. विहिरीवरच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो तसा. पाणी वर येऊ देतो, परत विहिरीत पडू देत नाही. शेतकऱ्याला तेच हवं असतं; घाट उतरणाऱ्या गाडीला ते नको असतं. सबस्टेशनात फूटव्हॉल्व्ह बसल्यावर गाडीने परत पाठवलेली वीज तिथपर्यंत येते आणि बंद दारावर थडकते. मग चढणारी गाडी शेजारीच असेल तर ठीक, नाहीतर तारेतलं व्होल्टेज फुगतं आणि चालकाला पुन्हा ठोकळ्यांचे ब्रेक लावावे लागतात. कार्यक्षमतेच्या मोबदल्यात माहेरची वाट गेली. त्या काळी फारसं कुणी हळहळलं नाही, कारण वीज स्वस्त होती आणि फुग्याला तेलपाणी लागत नव्हतं.

ही वाट परत उघडण्याची पहिली युक्ती वेळेची होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला अर्व्हिंग लँगम्युर यांनी अशा नळीत एक जाळी घालून ज्योत पेटण्याचा क्षण हातात घेतला. एसीची लाट वर चढताना लगेच पेटवायची की जरा थांबून, हे आता ठरवता येऊ लागलं. उशीर वाढवत नेला की डीसीचं सरासरी व्होल्टेज उतरत जातं. लाटेचा पाव भाग, म्हणजे नव्वद अंश, उलटून गेल्यावर ते उणे होतं. प्रवाहाची दिशा तीच, व्होल्टेज मात्र उलटं. म्हणजे शक्ती उलटी वाहू लागली. फूटव्हॉल्व्ह जागचा हलला नाही, पण विहीर वर आणि टाकी खाली झाली!

१९५४ मध्ये स्वीडनने आपला किनारा आणि गॉटलंड बेट यांच्यामध्ये समुद्रतळातून डीसी केबल टाकली: १०० किलोव्होल्ट, २० मेगावॉट. तिच्या पाऱ्याच्या व्हॉल्व्हांमागे उनो लाम यांची कित्येक वर्षांची मेहनत होती. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने सिलिकॉनचा थायरिस्टर आणला. तोच स्वभाव, पण पाऱ्याविना, नखाएवढ्या तुकड्यात. १९७२ मध्ये कॅनडात ईल रिव्हरला ३२० मेगावॉटचं ठाणं निव्वळ थायरिस्टरांवर उभं राहिलं.

महाराष्ट्रात या शाखेची दोन भारदस्त घरं आहेत, दोन्हींची मुळं चंद्रपूर जिल्ह्यात. एक भद्रावतीचं. पश्चिमेची आणि दक्षिणेची ग्रीड तेव्हा एका तालात नव्हती. दोघींची ५० हर्ट्झची लाट वेगवेगळी मागेपुढे होई, त्यामुळे साध्या तारेने जोडण्याची सोय नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीला तिथे १००० मेगावॉटचं ‘बॅक टू बॅक’ ठाणं आलं. एका बाजूची एसी आत घ्यायची, डीसी करायची आणि त्याच आवारात लगेच दुसऱ्या बाजूच्या तालात पुन्हा एसी. ज्याला गरज त्याच्याकडे शक्ती वळवायची. २०१३ च्या शेवटच्या दिवशी रायचूर-सोलापूर लाइनने दोन्ही ग्रीड एका तालात आणल्या. दुसरं घर चंद्रपूर-पडघे: ७५२ किलोमीटर, दोन्ही तारा मिळून १५०० मेगावॉट, १९९९ पासून. विदर्भातल्या कोळशाची वीज मुंबईच्या वेशीवर आणून टाकणारी ही वाट.

थायरिस्टरची अडचण मात्र पाऱ्याचीच. पेटवणं आपल्या हातात, विझवणं नाही. समोरच्या ग्रीडने लाट उलटवली की तो विझतो. म्हणजे परतीच्या वाटेवरही दुसऱ्याचा हात धरूनच चालायचं. समोर जिवंत ग्रीड नसेल, नुसती बॅटरी असेल किंवा अंधारलेलं गाव असेल, तर त्याचं काही चालत नाही.

मनात येईल तेव्हा चालू आणि मनात येईल तेव्हा बंद होणारा स्विच मिळाल्यावर खरा बदल झाला. बी. जयंत बालिगा मद्रासचे, तिथल्याच आयआयटीतून १९६९ मध्ये बाहेर पडलेले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९८० च्या आगेमागे त्यांनी अशा स्विचला, म्हणजे आयजीबीटीला, आकार दिला. लोकलच्या मोटरी, मेट्रो, एअर कंडिशनरचे कॉम्प्रेसर, लिफ्ट, सगळीकडे आज तो आहे. स्विचच्या उलट अंगाला एक डायोड जोडला आणि असे दोन स्विच एकावर एक ठेवले की एक विलक्षण गोष्ट होते: वरून खाली व्होल्टेज उतरवणारा आणि खालून वर चढवणारा, असे दोन कन्व्हर्टर एकाच जोडीत राहू लागतात. ग्रॅमच्या यंत्रासारखंच, कोण ढकलतंय यावर नाव ठरतं.

तरीही बरीच वर्षं आपण ही वाट वापरली नाही. कुठल्याही जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत जाऊन बघा. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या शेजारी एक जाळीचा डबा असतो. भरलेली लिफ्ट खाली आली किंवा रिकामी वर गेली की तो तापतो. ड्राइव्हचा मोटरकडचा भाग आयजीबीटीचा, म्हणजे दोन्हींकडून चालणारा. पण ग्रीडकडे साधा डायोडचा पूल बसवलेला, कारण तो स्वस्त. परत आलेली वीज मधे कोंडते आणि डब्यात जाळून टाकावी लागते. घाटातले ब्रेकचे ठोकळे गच्चीवर येऊन बसले.

याउलट भारनियमनाच्या काळात महाराष्ट्राच्या घराघरांत जो इन्व्हर्टर आला तो मात्र खरा दुतर्फी होता, आणि त्याचं कुणी कौतुक केलं नाही. वीज गेली की टक् असा आवाज, पंखा क्षणभर मंदावून पुन्हा फिरू लागे. १२ व्होल्टची बॅटरी, एक जड ट्रान्सफॉर्मर आणि मॉस्फेट नावाच्या स्विचांची रांग. वीज आली की तोच ट्रान्सफॉर्मर आणि बहुतेक डब्यांत तेच मॉस्फेट उलटे चालून बॅटरी भरत. सोफ्याच्या आड लपवलेलं ते घुमणारं खोकं तेव्हा मराठी मध्यमवर्गाचा सर्वांत जवळचा दुतर्फी कन्व्हर्टर होतं. फक्त ते जड होतं, कारण ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर जडच असणार. लाट जितकी संथ, तितकं लोखंड जास्त.

हे लोखंड कमी करायचं तर लाट वेगवान करावी लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीला विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला, रिक डी डोंकर, दीपक दिवाण आणि मुस्तनसीर खेरालूवाला यांनी एक मांडणी पुढे आणली. दिवाण आयआयटी कानपूरचे. अमेरिकेत प्राध्यापक होण्याआधी त्यांनी पुण्यात काही वर्षं स्वतःचा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय चालवला होता. मांडणीचं नाव ‘ड्युअल ॲक्टिव्ह ब्रिज’. मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार स्विचांचा एकेक पूल. दोन्ही पूल आपापल्या डीसीचे तुकडे करून चौकोनी लाट बनवतात. ट्रान्सफॉर्मरच्या तारेत जी थोडी गळतीची इंडक्टन्स असते, जिला इंजिनियर एरवी शिव्या देतात, तीच इथे कामाला लावलेली आहे.

हे कसं चालतं ते जात्यावरून कळतं. दोघी बायका समोरासमोर बसून एकच खुंटा धरून जातं फिरवतात. दोघींचा ताल एकच. पण एकीचा हात कणभर आधी ढकलतो, तेव्हा जोर तिचा असतो आणि दुसरी तिच्यामागून जाते. मग दुसरीने आघाडी घेतली की जोर उलटतो. जातं मात्र थांबत नाही. इथेही तेच. ज्या पुलाची लाट पुढे, तो देणारा. मागची लाट घेणारी. दोन लाटांमधलं अंतर जरा बदललं की शक्ती कमीजास्त होते, चिन्ह बदललं की दिशा उलटते. वॉर्ड लिओनार्डच्या रेग्युलेटरचं काम इथे मायक्रोसेकंदांत होतं. मॅडिसनच्या चमूने बनवलेला नमुना ५० किलोवॉटचा होता, ५० किलोहर्ट्झवर चालणारा, एका बाजूला २०० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला १६००. घरगुती इन्व्हर्टरची लाट सेकंदाला ५० वेळा, याची ५०,००० वेळा.

या मांडणीचा दुसरा मोठा गुण शांतपणा. स्विच व्होल्टेजखाली असताना उघडला किंवा मिटला की प्रत्येक वेळी थोडी शक्ती जळते. सेकंदाला लाखभर वेळा जळली तर खोकं पेटेल. इथे ट्रान्सफॉर्मरच्या तारेतला प्रवाहच स्विचवरचं व्होल्टेज आधी शून्यावर आणून ठेवतो आणि मग स्विच चालू होतो. गाडी पूर्ण थांबल्यावर दार उघडावं, तसं.

इथपर्यंत सगळं सुरेख. पण जात्यावरच्या दोघी तोलाच्या असतील तरच. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचं गुणोत्तर आणि दोन्हींकडच्या व्होल्टेजचं गुणोत्तर जुळलं असेल तेव्हा हा कन्व्हर्टर राजासारखा चालतो. बॅटरी रिकामी झाली, व्होल्टेज निम्म्यावर आलं, की उरलेला फरक त्या लहानशा इंडक्टन्सवर जाऊन बसतो. काम न करणारा प्रवाह नुसत्या येरझारा घालू लागतो, तारा तापतात, आणि भार हलका असेल तर व्होल्टेज शून्यावर आणायला लागणारा प्रवाहही उरत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी ही मांडणी निवडली तोच नेमक्या वेळी दगा देतो. झुरिकच्या ईटीएचमध्ये फ्लोरियान क्रिस्मर यांनी २०१० च्या प्रबंधात मोटारीतल्या अशा कन्व्हर्टरचा पिच्छा पुरवला. एका बाजूला २४० ते ४५० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ११ ते १६, शक्ती फक्त दोन किलोवॉट. फक्त म्हणायचं, १२ व्होल्टच्या बाजूला ते दीडशे अँपिअरच्या वर जातात. नुसती लाट पुढेमागे करणं तिथे पुरत नाही. दोन्ही पुलांच्या लाटांची रुंदीही बदलावी लागते, प्रत्येक व्होल्टेजला आणि प्रत्येक भाराला वेगळी. साध्या जात्याचं रूपांतर गणिताच्या पुस्तकात होतं.

मॅडिसनची कल्पना कागदावर सुंदर होती आणि बराच काळ बरीचशी तिथेच राहिली. कारण सिलिकॉन. मोठ्या व्होल्टेजचा आयजीबीटी बंद व्हायला रेंगाळतो, वेगात चालवला तर तापतो. जो पदार्थ हवा होता तो आपल्या गल्लीत केव्हाचा फिरत होता. सायकलवर चाक लावून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा येतो ना, त्याच्या चाकाचा दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. एडवर्ड ॲचेसन यांना तो सापडला १८९१ मध्ये, म्हणजे वॉर्ड लिओनार्डच्या पेटंटच्याच वर्षी. कृत्रिम हिरा बनवायला गेले आणि कार्बोरंडम हाती लागलं. त्याची विजेचा दाब सोसण्याची ताकद सिलिकॉनच्या जवळजवळ दहापट. पण धारेला चालणारा चुरा वेगळा आणि निर्दोष स्फटिक वेगळा. त्यापासून १२०० व्होल्टचा मॉस्फेट बाजारात यायला २०११ उजाडलं. एकाच वर्षी जन्मलेली दोन भावंडं एकमेकांना भेटायला १२० वर्षं लागली. त्यानंतर शंभर किलोवॉटच्या घरातले ड्युअल ॲक्टिव्ह ब्रिज ९८ टक्क्यांच्या पुढे जाऊ लागले. वॉर्ड लिओनार्डच्या एका फेरीतल्या ७३ शेजारी ठेवून बघा.

आणि अशा कन्व्हर्टरची चाचणी कशी घेतात? दोन सारखे कन्व्हर्टर, एकाची वीज दुसऱ्यात, दुसऱ्याची पहिल्यात. शंभर किलोवॉट गोल फिरत राहतात आणि बाहेरून लागतात चारेक. हॉपकिन्सन टेस्ट! दोन सारखी यंत्रं लागतात, हा तोटा अजूनही लागू आहे.

मागणी कुठून आली हे बघितलं की व्होल्टेजचा पल्ला का एवढा छळतो ते कळतं. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानात घरं अंधारात होती आणि दारात भरलेल्या बॅटरीच्या मोटारी उभ्या होत्या. पुढच्याच वर्षी निसान लीफमधून घराला वीज देणारं ६ किलोवॉटचं खोकं तिथे विकायला आलं. मोटारीतली २४ युनिट म्हणजे घराची दोनेक दिवसांची सोय. तेव्हा मोटारी साधारण ४०० व्होल्टच्या होत्या. २०१९ मध्ये पोर्शे टायकान ८०० व्होल्टची आली. आता एकाच चार्जरने सकाळी दोनअडीचशे व्होल्टवर आलेली जुनी बॅटरी आणि दुपारी आठशेच्या पुढची नवी, दोन्हींना पूर्ण शक्तीने वाढायचं, आणि ग्रीडने मागितलं तर त्यांच्याकडून परतही घ्यायचं. हजार व्होल्टपर्यंतचा पल्ला, तोही दोन्ही दिशांनी.

यावर डिझाइन करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, एकाच टप्प्यात सगळं करू: लाटांची रुंदी बदलू, वारंवारता बदलू, ट्रान्सफॉर्मरचे वेढे कधी ओळीने तर कधी समांतर जोडू. दुसरा म्हणतो, कामं वाटून घ्या. ट्रान्सफॉर्मरचा टप्पा पक्क्या गुणोत्तरावर, त्याच्या सुखाच्या जागी कायम चालवा. पल्ल्याची कसरत दुसऱ्या, साध्या दोन-स्विचांच्या टप्प्याला करू द्या. त्यात ट्रान्सफॉर्मर नसल्याने तो ९९ टक्क्यांच्या आसपास सहज राहतो. मी दुसऱ्या पंथाचा. एक टप्पा वाढला की नासाडी वाढते, हे पाठ्यपुस्तक म्हणतं. पण नव्वद टक्क्यांची तीन यंत्रं आणि नव्व्याण्णवचे दोन टप्पे यांत फरक आहे, आणि अवघडलेला एक टप्पा सहज चालणाऱ्या दोन टप्प्यांपेक्षा जास्त जाळतो. शिवाय हे म्हणजे रोटरी कन्व्हर्टर आणि वॉर्ड लिओनार्ड यांना एकाच छपराखाली नांदवणं झालं. काटकसर एकाकडे, मोकळीक दुसऱ्याकडे.

फिरत्या यंत्रांचं कूळ मात्र संपलेलं नाही. सह्याद्रीतल्या घाटघरला २००८ पासून १२५ मेगावॉटची दोन यंत्रं रात्रीच्या विजेवर पाणी वर चढवतात आणि संध्याकाळी तेच पाणी सोडून वीज करतात. ग्रॅमचंच यंत्र, डोंगराएवढं.

घाटाखाली मुंबईत २००७ पासून १५०० व्होल्ट डीसी आणि २५,००० व्होल्ट एसी दोन्हींवर धावणाऱ्या, आयजीबीटीच्या लोकल आल्या. ब्रेक लावला की त्याही वीज परत करत. पण डीसीच्या भागात सबस्टेशनाच्या डायोडांपाशी तीच जुनी भिंत. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेची आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बरची शेवटची डीसी तार एसी झाली. एसीच्या सबस्टेशनात असतो साधा ट्रान्सफॉर्मर. त्याला दिशा कळत नाही; कुर्ल्याला थांबणाऱ्या गाडीची वीज त्यातून निमूट ग्रीडमध्ये निघून जाते.

खेकड्यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे, रंगरंगोटी करून. घाटातही आता एसी तार आहे. नव्या थ्री-फेज इंजिनांच्या केबिनमध्ये पडद्यावर दोन आकडे दिसतात: घेतलेली युनिट आणि परत दिलेली युनिट. मंकी हिलहून गाडी सुटते. बोगदा, उजेड, पुन्हा बोगदा. पहिला आकडा जवळजवळ स्थिर असतो. दुसरा कर्जतचा बाहेरचा सिग्नल दिसेपर्यंत चढत राहतो, आणि ड्युटी संपल्यावर लोको पायलट दोन्ही आपल्या वहीत उतरवून घेतो.